चीक, डबा आणि सात बायका



खरवस आवडत नाही असं माणूस आपल्या भागात सापडायचं नाही. गाय व्याली की पहिल्या दोन दिवसांचा चीक आपण शेजारीपाजारी वाटतो, गूळ-वेलची घालून वाफवतो, पोरांना हाका मारून खायला घालतो. वासरालाही तो आधी पाजतो, कारण चीक मिळाला नाही तर वासरू जगत नाही हे गोठ्यात राबणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. आणि त्याच घरात सून बाळंत झाली की तिचा चीक पिवळा आहे, घट्ट आहे, बाळाला बाधेल म्हणून पिळून टाकायचा. बाळाला तीन दिवस मधाचं बोट, गुळाचं पाणी, साखरपाणी. वासराला जे कळतं ते आपण आपल्या लेकराच्या बाबतीत कसं विसरलो, याचा मी बराच विचार केला आहे. आज त्याच अनुषंगाने एक इतिहास सांगणार आहे. राजेरजवाड्यांचा नाही, अंगावर पाजण्याचा.

आधी शब्दाचंच बघू. आपल्या घरात कुणी ‘स्तनपान’ म्हणत नाही. ‘अंगावर पाजते का?’ असं विचारतो, ‘पान्हा फुटला का?’ असं विचारतो. अंगणवाडीच्या भिंतीवरच्या फलकावर मात्र ‘स्तनपान’ असतं आणि ते वाचताना नव्या सुना मान खाली घालतात. हा संकोच फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. त्याची गंमत पुढे येईल.

अंगावरच्या दुधाला पर्याय हवा असण्याची गरज जुनीच आहे. आई बाळंतपणात गेली, फार आजारी पडली, तर दुसरी बाई पाजायची, नाही तर गाईचं, शेळीचं दूध पाणी घालून द्यायचे. डबा आला तो एकोणिसाव्या शतकात, युरोपात. गिरण्या सुरू झाल्या होत्या, बायका बारा-बारा तास यंत्रावर उभ्या राहायच्या, तान्ही मुलं मागे राहायची आणि मरायची. १८६० च्या दशकात लीबिग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने बाळासाठी कृत्रिम अन्न बनवलं. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावी हेन्री नेस्ले या औषधविक्रेत्याने दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांची पूड विकायला काढली. ज्या बाळाला आईचं दूध मिळतच नाही त्याच्यासाठी ती होती, म्हणजे सुरुवातीचा हेतू वाईट नव्हता. पण आई नसलेली बाळं किती असणार? धंदा वाढवायचा तर आई असलेल्या बाळापर्यंत पोचायला हवं. तिथून खरी गोष्ट सुरू होते.

डॉक्टर सिसिली विल्यम्स हे नाव तुम्ही बहुधा ऐकलं नसेल. जन्म १८९३ चा, जमैका बेटावरचा, शिक्षण इंग्लंडात. १९२९ मध्ये त्या आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घाना देशात, सरकारी नोकरीवर गेल्या. तिथे त्यांनी पाहिलं की दीड-दोन वर्षांची मुलं सुजतात, केस तांबूस होतात, कातडी सोलते आणि मूल जातं. इतर डॉक्टर वेगवेगळी निदानं करत होते. विल्यम्सबाईंनी तिथल्या बायकांनाच विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? बायका म्हणाल्या, क्वाशिओरकोर. धाकटं भावंड आल्यामुळे अंगावरून तुटलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा अर्थ. बाईंनी तेच नाव वैद्यकाच्या पुस्तकात नेलं आणि आजही जगभरचे डॉक्टर तेच वापरतात. शिकलेल्या बाईने न शिकलेल्या बायकांचा शब्द उचलला, हे मला त्यांच्या सगळ्या कामात मोठं वाटतं.

पुढे १९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली. सिंगापूरला त्यांना वेगळंच दिसलं. गोड आटवलेल्या दुधाचे डबे जहाजांनी येत होते. कंपन्यांनी तरुण मुलींना परिचारिकेसारखे पांढरे कपडे घालून बाळंतिणींच्या घरोघरी पाठवलं होतं. नर्सबाई सांगते म्हटल्यावर कोण नाही ऐकणार? त्या डब्यात साखर भरपूर, पण बाळाला लागणारी जीवनसत्त्वं नाहीत. शिवाय डब्याला पाणी लागतं, बाटली लागते, ती उकळायला सरपण लागतं. गरीब घरात डबा पुरवून वापरायचा म्हणून आणखी पाणी घालायचं. बाळं जुलाबाने, कुपोषणाने जात होती. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये बाईंना भाषणाला बोलावलं. समोर शहरातले बडे व्यापारी. बाईंनी भाषणाला नाव दिलं ‘दूध आणि खून’. चुकीचा प्रचार करून आईचं दूध तोडणाऱ्यांना गुन्हेगार धरावं आणि त्यातून होणाऱ्या मृत्यूंना खून म्हणावं, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. त्यानंतर महायुद्ध आलं, जपान्यांनी सिंगापूर घेतलं, बाई तीन वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिल्या. भाषण मात्र विसरलं गेलं नाही.

आता डब्याची युक्ती नीट समजून घ्या, कारण ती समजली की पुढचं सगळं उलगडतं. आईचं दूध विहिरीच्या झऱ्यासारखं असतं. उपसा चालू असला की पाझर चालू. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं, रात्री पाजलं तर आणखी. बाळंतिणीला ‘तुझं पुरत नाही’ म्हणून एक डबा फुकट दिला, की बाळ डब्यावर पोट भरून झोपतं. ओढलं नाही, म्हणून दूध कमी होतं. दूध कमी झालं म्हणून डबा वाढतो. आठ-पंधरा दिवसांत फुकटचा डबा संपतो आणि आईचं दूधही आटलेलं असतं. मग डबा विकतच आणावा लागतो. ‘पुरत नाही’ हे आधी खोटं असतं, नंतर खरं होतं. बचत गटात आपण सावकारीचे हिशोब इतकी वर्षं करतो आहोत, आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं.

श्रीमंत देशांतल्या बायकाही यातून सुटल्या नाहीत. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळपास सगळी बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली. बाळंतिणीला गुंगीचं औषध द्यायचे, बाळाला वेगळ्या खोलीत ठेवायचे आणि घड्याळ लावून चार-चार तासांनी पाजायचे. मध्ये रडलं तर बाटली. डबा म्हणजे सुधारलेपणा, अंगावर पाजणं म्हणजे मागासलेपणा, अशी समजूत पसरली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तर अवस्था अशी होती की तिथल्या चार आयांपैकी जेमतेम एक बाळाला अंगावर घेत होती.

या अशा काळात, १९५६ च्या उन्हाळ्यात, शिकागो शहराजवळ चर्चच्या कुटुंबांची एक सहल निघाली होती. मेरी व्हाइट आणि मेरियन टॉम्पसन या दोन मैत्रिणी झाडाखाली बसून बाळांना पाजत होत्या. सहलीतल्या बायका एकेक करून जवळ यायला लागल्या. मलाही पाजायचं होतं, पण जमलं नाही. मला दूधच आलं नाही. माझ्या डॉक्टरांनी नको सांगितलं. प्रत्येकीला वाटत होतं की दोष आपल्या अंगात आहे. या दोघींच्या लक्षात आलं की दोष अंगात नाही. सांगणारं कुणी नाही, हा खरा दोष. त्या बायकांच्या आयांनीच बाटलीने पाजलेलं होतं. आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे येणारी साखळी तुटली होती.

मग त्यांनी आणखी पाच मैत्रिणी गोळा केल्या. सगळ्या घर-संसार करणाऱ्या, पोराबाळांच्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये फ्रँकलिन पार्क या गावी मेरी व्हाइटच्या घरी बैठक झाली. ना कार्यालय, ना अनुदान, ना शिपाई. दिवाणखान्यात गोल बसायचं, प्रत्येकीने आपली अडचण सांगायची आणि जिने ती अडचण पार केली आहे तिने कशी केली ते सांगायचं. मेरीचे पती डॉक्टर होते, अडलं तर ते सांगायचे, पण बैठक चालवायच्या बायकाच. मदत करणारीने स्वतः बाळाला पाजलेलं असलं पाहिजे, ही अट.

आता तो संकोच. गटाला नाव द्यायचं तर त्या काळी तिथल्या वर्तमानपत्रात ‘स्तन’ हा शब्द छापणं सभ्य मानत नसत. म्हणून फ्लोरिडा राज्यातल्या एका जुन्या प्रार्थनास्थळातल्या, बाळ येशूला पाजणाऱ्या मेरीमातेचं स्पॅनिश नाव त्यांनी घेतलं आणि गट झाला ‘ला लेचे लीग’. लेचे म्हणजे दूध. कुणाला काही कळायचं नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळायचं! अमेरिकेतल्या बायका आणि आपल्या फलकापाशी मान खाली घालणाऱ्या सुना, फार लांब नाहीत.

काही महिन्यांत घरात बसायला जागा पुरेना. लांबलांबच्या बायकांची पत्रं यायला लागली, फोन यायला लागले. १९५८ मध्ये त्यांनी सुटी पानं एकत्र करून पुस्तिका काढली, तिचं पुढे जाडजूड पुस्तक झालं. आज त्यांचे गट पुष्कळ देशांत आहेत. मी हे इतकं सविस्तर सांगते आहे कारण यात यंत्र नाही, औषध नाही. सात बायका आणि एक बसायची जागा. आपल्या गटात दहा-बारा असतात.

इकडे कंपन्या गरीब देशांत पाय पसरतच होत्या. १९७४ मध्ये इंग्लंडच्या एका संस्थेने ‘बेबी किलर’ नावाचा अहवाल काढला. स्वित्झर्लंडमधल्या कार्यकर्त्यांनी तो आणखी जहाल नावाने छापला, तेव्हा नेस्ले कंपनीने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. १९७६ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, कार्यकर्त्यांना किरकोळ दंड झाला, पण न्यायाधीशांनी कंपनीलाच विक्रीच्या पद्धती बदला म्हणून सुनावलं. १९७७ मध्ये अमेरिकेत लोकांनी त्या कंपनीच्या मालावर बहिष्कार टाकला. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेत या जाहिरातबाजीवर बंधनं घालणारी संहिता मताला आली. बाजूने ११८ देश, विरोधात एक. तो एक देश अमेरिका. सात बायकांचा देशही तोच, हे लक्षात ठेवा. सरकार आणि बायका म्हणजे एकच गोष्ट नसते.

भारताने संहितेच्या बाजूने मत दिलं आणि १९८३ मध्ये आपली राष्ट्रीय संहिता काढली. पण संहितेला दात नव्हते. डॉक्टर आणि कार्यकर्ते कायद्यासाठी धडपडत राहिले. डिसेंबर १९९१ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, वर्ध्याला, स्तनपानासाठी काम करणाऱ्या मंडळींनी देशपातळीवरची संघटना उभी केली, ती बीपीएनआय. पुढच्याच वर्षी, १९९२ च्या डिसेंबरात, संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. २००३ मध्ये तो आणखी कडक केला. सिसिली विल्यम्सबाई १९९२ च्या जुलैत गेल्या, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन.

हा कायदा आपल्या कामाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या डब्याची आणि दूध पाजायच्या बाटलीची कसलीही जाहिरात करता येत नाही. फुकट नमुना देता येत नाही. कंपनीच्या माणसाने गरोदर बाईला किंवा बाळंतिणीला गाठून माल सुचवायचा नाही. दवाखान्यात डब्याचा फलक लावायचा नाही, डॉक्टर-नर्सना भेटी द्यायच्या नाहीत. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र छापायचं नाही, आईचं दूध सर्वोत्तम हे मात्र छापलंच पाहिजे. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार म्हणजे कंपनीला चहापाणी, हे माझं मत. तरी कायदा आहे. आमच्या एका गटातली सून तालुक्याच्या खाजगी दवाखान्यातून घरी आली ती चिठ्ठीवर डब्याचं नाव घेऊनच. सिझेरियन झालं होतं, दूध यायला वेळ लागत होता, कुणी जवळ बसून बाळ अंगाला लावून दिलं नाही, डबा लिहून दिला. काही बाळांना खरंच डॉक्टरी कारणाने वरचं दूध लागतं, तेव्हा ते द्यावंच आणि त्या आईला कुणी बोल लावू नये. पण कारण विचारायचा हक्क आपल्याला आहे. डब्याचा प्रचार दिसला तर तारीख, ठिकाण, फोटो ठेवून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवता येतं.

कायदा डबा अडवतो, पण पान्हा काही कायद्याने फुटत नाही. त्याला माणूस लागतं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात बाळांच्या विभागात हे ओळखलं. जंतुसंसर्गाने जाणाऱ्या बाळांसाठी त्यांनी आयांनाच आत घेतलं, त्यांच्या हातात बाळं दिली, आईचं दूध चालू केलं. १९८९ मध्ये तिथे मानवी दुधाची पेढी सुरू झाली, आशियातली पहिली. एका आईचं जास्तीचं दूध दुसरीच्या अशक्त बाळाला. गावात पूर्वी जाऊ-नणंद पाजायच्या, त्याचंच दवाखान्यातलं शिस्तीचं रूप म्हणा.

आणि गडचिरोली. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच, थोड्याफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. आरोग्यदूत म्हणतात त्यांना. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, लवकर अंगावर लावणं, न्यूमोनिया ओळखणं, हे सगळं त्या बाळंतिणीच्या घरी जाऊन करायच्या. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या गावांच्या तुलनेत, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात तो अभ्यास छापून आला. आज आपल्या आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्याचं मूळ गडचिरोलीच्या या बायकांत आहे. आशाताई आल्या की त्यांना नुसता चहा देऊन बोळवू नका. बाळ पाजताना दाखवा. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड आहे की भोवतीचा काळा भागही आहे, ते त्यांना बघू द्या. बोंडाला चिरा पडतात त्या बहुतेक वेळा नुसतं बोंड ओढल्याने.

तरीही चित्र पुरतं पालटलेलं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशातली सुमारे ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ते ४२ टक्के बाळांनाच. डॉक्टर आहे, नर्स आहे, आई शुद्धीवर आहे, बाळ शेजारी आहे आणि तरी पहिला तास जातो. घरी चीक पिळून टाकणाऱ्या आजीला नावं ठेवताना हा आकडाही समोर ठेवावा.

हिरकणीची गोष्ट आपण पोरांना सांगतो. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून कडा उतरून गेली. एसटी स्थानकांवरच्या पाजण्याच्या खोल्यांना हिरकणी कक्ष हे नाव दिलं, छान केलं. पण मला नेहमी वाटतं, तिच्या धाडसाचं कौतुक सगळे करतात, दरवाजा का उघडला नाही हे कुणी विचारत नाही. गिरणीतल्या बायकांसाठी तो दरवाजा उघडायचा प्रयत्न आपल्याच प्रांतात झाला. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं, तेव्हा डॉक्टर आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली आणि १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला असा पहिला. १९६१ च्या देशाच्या कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामावर दोनदा पाजायची सुट्टी दिली. शेतमजूर बाईला यातलं काय मिळालं? ऊसतोडीच्या फडात कोयता चालवणारीला कोण सुट्टी देणार? तिच्यासाठी २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक ओळ होती. कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर त्यांना सांभाळायला त्यातल्याच एका बाईला नेमायचं आणि तिला पूर्ण मजुरी द्यायची. ती ओळ आमच्या भागातल्या किती कामांवर पाळली गेली ते मी पाहिलं आहे, न बोललेलं बरं.

आमच्या दोन गटांनी गेल्या पावसाळ्यापासून एक पाळी लावली आहे. वस्तीवर कुणी बाळंत झाली की पहिले पंधरा दिवस रोज एकीने जायचं, जिने स्वतः पोर पाजून वाढवलं आहे तिनेच. डिंकाचा लाडू, अळिवाची खीर नेली तर उत्तमच, पण ती मुख्य गोष्ट नाही. सासूबाईंजवळ बसायचं आणि खरवसाचा विषय काढायचा. दिवसातून सहा-सात वेळा बाळाचं लंगोट ओलं होतं का ते विचारायचं. होत असेल तर दूध पुरतं आहे. पहिले सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, उन्हाळ्यातही नको, हे सांगायचं. बाळ सुस्त पडलं, ओढेना, तर वाट न बघता दवाखाना. आणि बाळंतीण बोलत असेल तर मध्ये न बोलता ऐकायचं. ‘मला दूध नाही’ म्हणणाऱ्या पोरीला पुष्कळदा झोप नसते, जेवण नसतं किंवा मुलगी झाली म्हणून घरात कुणी बोलत नसतं. एका वस्तीवर सासूबाईंनी पहिल्या दिवशी आमच्या बाईला दारातूनच परत पाठवलं. चौथ्या दिवशी त्यांनीच निरोप धाडला, पोर रात्रभर रडतंय, येऊन बघा.